जावयाचा पंप

सुकदेव आप्पा कोणाच्याही घरात शिरले की आधी कान लावत. माणसांच्या बोलण्याला नाही, वस्तूंना. एकदा आमचा कुकर शिट्टी देईना म्हणून आई वैतागली होती. आप्पा उघड्या दारातून थेट ओट्यापाशी आले, कुकरजवळ कान नेला आणि म्हणाले, "हवा धरी ऱ्हायना, ताई." म्हणजे, आत हवा अडकतेय. नळाला पाणी आलं नाही तरी हवा. शेजारचा पंखा घरघरला तरी हवा. माझ्या वडिलांच्या पोटात दुखलं तेव्हाही त्यांनी हेच निदान केलं आणि नेमके डॉक्टरही तेच बोलले. त्यानंतर आप्पांना आवरणं कठीण झालं.

सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या ओळीत बहुतेक खानदेशी, आणि बहुतेक कापडाच्या लूमवर कामाला जाणारे. आप्पांकडे मात्र स्वतःचा ट्रक होता आणि तो ते स्वतःच चालवत. हंगामात चलथाणच्या कारखान्याला ऊस, एरवी कापडाच्या गाठी. काकू वारल्या होत्या. एकुलत्या एका मुलीचं, मंगलाचं, लग्न झालं होतं. संध्याकाळी ते ट्रकच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवत. ओळीत इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच, म्हणून मला ते 'मास्तरीण' म्हणत. मी फार बोलत नसे. आप्पांची त्याला हरकत नव्हती. दोघांच्या वाटचं तेच बोलत.

टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाकडे ढकलणारा एक छोटा पंप असतो. आप्पांच्या ट्रकचा तो पंप झिजला, तेव्हा त्यांनी नवा आणला. कंपनीचा नाही, तसाच दिसणारा, निळ्या खोक्यातला. तो बसवला त्या दिवसापासून ट्रक रिकामा असला की पळायचा आणि ऊस भरला की चढावर धापा टाकून बंद पडायचा. पंप खराब आहे हे ओळीतल्या सगळ्यांना, अगदी पापड वाळवणाऱ्या बायकांनाही कळलं होतं. आप्पांना कळत नव्हतं. म्हणजे, मला तेव्हा तसं वाटलं.

पंपाच्या खोक्यात एक इंग्रजी कागद होता. दाब कमी पडला तर काय काय तपासावं, ते त्यात लिहिलेलं. एका रविवारी आप्पांनी तो मला वाचायला लावला.

"टाकीच्या झाकणाचं छिद्र बुजलंय का बघा," मी मराठीत सांगितलं.

"बरोबर! झाकणच शे!" त्यांनी खिळा ठोकून छिद्र एवढं मोठं केलं की पुढे ट्रक वळला की डिझेलचा वास गल्लीभर पसरायचा.

फरक पडला नाही. मग मी पुढची ओळ वाचली, फिल्टर. फिल्टर बदलला. पाइप. पाइप बदलले. तांब्याचे वॉशर. ते त्यांनी आमच्या गॅसवर, आईच्या चिमट्यात धरून लालभडक तापवले, म्हणजे नरम होऊन नीट बसतील. त्या रात्रीच्या पोळ्यांना तेलाचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी आईने चिमटा नवीन आणला.

कागदावर शेवटची एक ओळ उरली. मी वाचायला सुरुवात केली, "एवढं करूनही दाब कमीच असेल, तर पंप..."

"तेवढं ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले आणि कागद माझ्या हातातून घेतला.

मी आईला विचारलं तेव्हा तिने सांगितलं, पंप जावयाच्या दुकानातला आहे. प्रकाशने, म्हणजे मंगलाच्या नवऱ्याने, कडोदऱ्याला ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान काढलं होतं. पहिला पंप त्याने सासऱ्यांनाच दिला.

"मग परत द्यायचा ना," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. पण नंतर तिनेच सांगितलं. मंगलाच्या लग्नात प्रकाशला मोटारसायकल मिळाली होती. मांडवाबाहेर त्याने ती चालू केली, आणि आप्पांनी सवयीने कान लावून भर वऱ्हाडात सांगितलं, "जावईबापू, येन्हं इंजिन भंगार शे." लोक हसले. प्रकाश हसला नाही. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मंगलाला माहेरी पाठवलंच नाही. लग्नानंतरची पहिली आखाजी! खानदेशात लेकीसाठी वर्षाचा सगळ्यात मोठा सण. ओळीतल्या सगळ्या लेकी आल्या, झोक्यावर बसून गाणी म्हटली, आणि आप्पांनी अंगणातल्या कडुनिंबाला बांधलेला झोका दिवसभर रिकामा हलत राहिला. संध्याकाळी त्यांनी तो सोडून ठेवला. तेव्हापासून जावयाच्या कुठल्याही वस्तूला त्यांनी नाव ठेवलं नाही.

उधन्याच्या गॅरेजमधले इस्माइलभाई आप्पांचे जुने मित्र. त्यांनी डिझेलच्या पाइपवर दाब मोजायचा मीटर लावला. इंजिनाला रेस दिली की काटा वर जायचा सोडून खाली यायचा.

"देखा?" इस्माइलभाई म्हणाले.

आप्पांनी मीटरच्या काचेवर टिचकी मारली. "हाऊ मीटर खोटा शे."

"हाँ, मीटर खोटा, डिझेल खोटा, मैं खोटा. पूरे सूरत में एक तेरा जमाई सच्चा."

आप्पा तरीही खचले नाहीत. त्यांनी ट्रकच्या टपावर डिझेलचा एक मोठा कॅन दोरीने करकचून बांधला आणि त्याचा पाइप पंपाला वगळून सरळ फिल्टरला जोडला. डिझेल आपोआप वरून खाली येऊ लागलं. ट्रक भरल्या उसासकट पुलावर असा चढला की आप्पांनी दोन्ही बाजूंच्या हातगाड्यांना उगीचच हॉर्न दिला.

"अरे, टाकी छप्पर पे रखी तो चलेगी ही," इस्माइलभाई कपाळाला हात लावून म्हणाले. "पंप को तो तूने छुट्टी दे दी!"

"म्हंजे पंपाचा दोष नही," आप्पा शांतपणे म्हणाले. "टाकीची जागा चुकेल शे. खाली कसाले ठेवतस टाकी?"

उरलेला हंगाम तो ट्रक टपावर कॅन घेऊन फिरला. कॅन लवकर रिकामा व्हायचा, मग आप्पा भर रस्त्यात टपावर चढून तो भरायचे. कारखान्याच्या रांगेत बाकीचे ड्रायव्हर ओरडायचे, "काय आप्पा, टपावर दूधवाला बसवला का?" त्यांच्या खेपा निम्म्यावर आल्या. उसाच्या मुकादमाने पुढच्या हंगामाला दुसरा ट्रक बघतो म्हणून सांगितलं. आप्पा म्हणाले, बघा.

आखाजी जवळ आली. एका दुपारी कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याने हाक मारली, "आप्पा, कडोदऱ्याहून फोन!" आप्पा अनवाणीच धावले. परत आले ते थेट आमच्या दारात. "ताई, मंगलाले लेवाले बलायनं. तुमी चाला संगे. मास्तरीणले बी लई चाला." लेकीला आणायला सोबत एखादी बाई असावी, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

सकाळी बघते तर आप्पा टपावर चढून कॅन सोडत होते. पाइपही परत पंपाला जोडला. जावयाला तो कॅन दिसता कामा नये.

ट्रक रिकामा होता, त्यामुळे कडोदऱ्यापर्यंत कसाबसा पोहोचला. दुकानासमोर आप्पांनी इंजिन बंद केलं नाही. बंद केलं असतं तर पुन्हा चालू झालं नसतं. ते केबिनमध्येच बसून राहिले, पाय अॅक्सिलरेटरवर. प्रकाश एका गिऱ्हाईकाला घेऊन बाहेर आला. हातात निळं खोकं.

"आ मारा ससरा छे," हातातलं खोकं ट्रककडे दाखवत तो गिऱ्हाईकाला गुजरातीत म्हणाला. "एमनी ट्रकमां पण आ ज पंप छे." मग वर बघून, "काय मामा, कसा चालतोय?"

"एक नंबर," आप्पा म्हणाले. त्यांच्या पायाखाली इंजिन थरथरत होतं.

"उतरा की. पाणी तरी घ्या."

"नको नको. उशीर व्हई."

दुकानामागच्या घरातून मंगला आली. सासू उंबऱ्यात उभी होती, ती पुढे आली नाही. मंगलाने बॅग दोन्ही हातांनी वर चढवली आणि आईशेजारी बसली. वाटेत तिने बॅगेवरचा हात काढला नाही. आप्पाच बोलत होते. सांजोऱ्यांचा रवा आणलाय, झोक्याला नवा दोर आणलाय, आंबे पिकायला घातलेत.

डिंडोलीच्या अलीकडे, कॅनॉलच्या चढावर, ट्रकने दोन आचके दिले आणि तो थांबला.

आप्पा उतरले. मागोमाग मंगलाही उतरली, पदर खोचून. काही न विचारता तिने हवा काढायचा स्क्रू ढिला केला, आणि आप्पा पंपाचा दट्ट्या हाताने दाबू लागले. डिझेल येईना. नुसता फेस यायचा आणि विरायचा. डोक्यावर ऊन होतं. मी आणि आई ट्रकच्या सावलीत उभ्या होतो.

"आप्पा, पंप बदली टाका," मंगला म्हणाली.

"पंप चांगला शे. हवा धरी ऱ्हायना."

"माले माहीत शे कसा शे तो. दुकानमा रोज कोनी ना कोनी वापस करस."

आप्पा दट्ट्या दाबत राहिले. "तुले तठे नांदनं शे ना, बेटा. मी नाव ठेवं तर..."

"आप्पा." तिने त्यांचा हात धरला. "तुमी चांगला म्हना का वाईट म्हना, माले तठे तेच शे."

दट्ट्या थांबला. एक बस आमच्या शेजारून हॉर्न देत गेली. मग आप्पांनी सीटखालून पाना काढला आणि पंपाचे बोल्ट सोडवायला लागले. पंप काढला तर ट्रक तिथेच राहणार, हे मलाही समजत होतं. कोणी त्यांना थांबवलं नाही. त्यांनी पंप मोकळा केला, फडक्याने पुसला आणि रस्त्याच्या कडेला मातीत ठेवला. मग चाकांना दगड लावले.

"चाला," ते म्हणाले. "घर जवळच शे."

आईने मंगलाची बॅग खाली घ्यायला हात घातला आणि तिला ती एकटीने उतरवेना. आप्पांनी ती घेतली. आखाजीच्या चार दिवसांना एवढं सामान लागत नाही. बॅगेची चेन नीट लागली नव्हती, आणि त्या उन्हाळ्यात तिच्यातून एका लोकरी स्वेटरची बाही बाहेर आली होती.

आप्पांनी मंगलाकडे बघितलं नाही. त्यांनी ती बाही बोटांनी हळूच आत सारली, चेन शेवटपर्यंत ओढली, आणि बॅग खांद्यावर घेऊन चालायला लागले.