सासऱ्यांचा कॉम्प्युटर कोरा होतो

"जावईबापू, हे यंत्र सुरू होईपर्यंत माझी दाढी, आंघोळ सगळं आटपतं," सासरे म्हणाले. "काहीतरी करा बुवा."

जावई विमा कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसत. एवढ्याच पुराव्यावर सासरवाडीने त्यांना तज्ज्ञ ठरवून टाकलं होतं. खरं तर रविवारी त्यांना नुसतं आडवं व्हायचं होतं. तरी तोंडून निघून गेलं, "सगळं पुसून नवी सिस्टिम टाकावी लागेल."

"खुशाल टाका. फक्त माझं आत्मचरित्र सांभाळा. रिटायर झाल्यापासून लिहितोय."

जावयांनी आत्मचरित्र पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. मग नवी सिस्टिम टाकायलाही पेनड्राइव्ह लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. घरात तो एकच. नवी सिस्टिम उतरवून घ्यायला त्यांनी तोच आपल्या लॅपटॉपला लावला. पडद्यावर काहीतरी विचारणा झाली. सकाळपासून प्रत्येक विचारणेला 'हो' म्हणून म्हणून ते पार कंटाळले होते. त्यांनी न वाचताच 'हो' दाबलं. पुढे सासऱ्यांच्या कॉम्प्युटरने 'आतलं सगळं पुसू का?' असं विचारलं, त्यालाही 'हो'.

दुपारी कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला. सासरे हरखले. "वा! आता माझं आत्मचरित्र ठेवा जागेवर."

जावयांनी पेनड्राइव्ह उघडला आणि ते बघतच राहिले. आत फक्त नवी सिस्टिम होती. तिला जागा करून देताना आधीचं सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

"बाबा... ते गेलं."

"गेलं? कुठे गेलं?"

जावयांनी झालेला घोळ सांगितला. सासरे बाल्कनीत जाऊन उभे राहिले. पाठमोरे ते एकदम थकलेले दिसत होते. जावयांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्वयंपाकघरात सासूबाईंनी त्यांच्या हातात चहा दिला. "मनाला लावून घेऊ नका," त्या दाराकडे बघत हळूच म्हणाल्या. "रोज जेवताना वाचून दाखवायचे हो. आज घास तरी सुखाने उतरेल."

तेवढ्यात सासरे आत आले. चेहऱ्यावर भलतीच तरतरी.

"जावईबापू, झालं ते बरंच झालं. माझं बालपण मी फार घाईत उरकलं होतं. आता सावकाश सांगतो, तुम्ही टाइप करा. दर रविवारी."

"दर रविवारी?"

"आजही रविवारच आहे की!"

जावई कॉम्प्युटरसमोर बसले. 'माझा जन्म' एवढं टाइप केलं.

"छे छे, पुसा ते," खुर्ची जवळ ओढत सासरे म्हणाले. "जन्माला अजून पुष्कळ अवकाश आहे. आधी माझे पणजोबा घ्या."