धम्मानंदनं चाकांची मोजणी केली

"लोकांच्या जमिनी सरळ करणाऱ्या कचेरीतला माणूस हाय मी. मला चार चाकं सरळ व्हणार न्हाईत व्हय?"

शनिवारी सकाळी चहाचा कप ओट्यावर आपटून धम्मानंदनं हे जाहीर केलं, तेव्हा त्याची बायको राणी लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात ती एक गोष्ट पक्की शिकली होती. नवरा छाती फुगवून बोलायला लागला की घरातलं काहीतरी मोडणार!

आता खरं सांगायचं तर धम्मानंदनं आयुष्यात एक बांधसुद्धा मोजलेला नव्हता. तो मोजणीच्या कचेरीत आवक-जावक सांभाळायचा. म्हणजे लोकांच्या अर्जावर शिक्का मारायचा आणि साहेब दौऱ्यावर आहेत असं तोंड पाडून सांगायचा. पण आखाडा बाळापुरात हे कुणाला कळतं? तिथं धम्मानंद म्हणजे मोजणी, आणि मोजणी म्हणजे धम्मानंद! यानंही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. फुकट मिळणारा रुबाब कोण सोडतो?

त्याची गाडी म्हणजे नांदेडहून जुनं घेतलेलं सात जणांचं एक धूड. तिचं मागचं अंग असं डुलायचं की वाटावं, शेपूट धरून कुणी झोके देतंय. मागची टायरं आतल्या बाजूनं झिजून वापरलेल्या साबणासारखी झाली होती. मेकॅनिकनं वाकून पाहिलं आणि मागचे आर्म गेले म्हणून सांगितलं. आर्म म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारे लोखंडी हात. त्यांच्या सांध्यातलं रबर फाटलं की चाक वरातीतल्या पोरांसारखं मनाला येईल तिकडं नाचतं. मेकॅनिक आर्म बदलून द्यायला तयार होता, पण लग्नसराई संपल्यावर!

आणि इथं तर दुसऱ्याच दिवशी, रविवारी, कळमनुरीला धम्मानंदच्या लेकीचा, ऐश्वर्याचा साखरपुडा होता.

साखरपुड्याला घरातलं वडीलधारं माणूस पुढं बसावं लागतं. ते माणूस म्हणजे शेजारच्या घरातला थोरला चुलतभाऊ शेषराव. दोन घरांच्या मधे एक बोळ. या बोळाच्या हद्दीवरून आणि सांडपाण्यावरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. एकमेकांच्या अंगणातली कोंबडीसुद्धा इकडून तिकडं जाताना तोंड फिरवून जायची! अखेर राणीनंच शेषरावच्या बायकोला, जनकाबाईला गाठलं, तिच्या अंगणात बसून दिवसेंदिवस हळदीची कांडी निवडू लागली आणि निवडता निवडता शेषरावचा होकार आणला. पण त्यात एक अट होती.

"येतो मी," शेषराव म्हणाला होता. "पण त्या डुलणाऱ्या गाडीत न्हाई. मी कळमनुरीला पोचीन अन कंबर बाळापुरातच राहील."

राणीनं भाड्याची गाडी सुचवली. धम्मानंदला ते झोंबलं. दारात स्वतःची गाडी उभी असताना सोयऱ्याच्या दारात भाड्याच्या गाडीतून उतरायचं? त्यानं नवे आर्म मागवून ठेवले होते, मोबाईलवर एका हिंदी मिस्त्रीचे व्हिडिओ पाठ केले होते, आणि आता बाह्या सरसावून तो गाडीखाली शिरला.

त्या मिस्त्रीनं एक गोष्ट बजावून सांगितली होती. आर्मच्या मुळाशी एक बोल्ट असतो, तो फिरवला की चाकाचं तोंड आत-बाहेर होतं. म्हणून तो सोडवण्याआधी खूण करा. धम्मानंदनं खडूनं सुरेख खूण केली. मग बोल्ट गंजलेला निघाला, म्हणून त्यावर डिझेल ओतलं. खूण डिझेलबरोबर वाहून मातीत गेली! पण माणूस इतका जोशात की त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. पान्याला बोअरचा पाइप लावून त्यानं असा जोर केला की बोल्ट सुटला, पाइप सुटला आणि धम्मानंद स्वतः सुटून कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसला. कोंबड्यांनी पंचायत भरवली. राणीनं आतूनच विचारलं, काय मोडलं? काही नाही, असं उत्तर गेलं.

दुपारपर्यंत नवे आर्म बसले. बसले म्हणजे असे बसले की गाडी ढकलली तरी मागचं अंग हलेना! धम्मानंदला वाटलं, आपण नोकरीत उगाच वय घालवलं.

आता राहिलं चाकं सरळ करायचं काम. ते दोरीनं करता येतं. गाडीच्या शेजारून एक सरळ दोरी ताणायची. दोरीपासून चाकाच्या पुढच्या काठाचं आणि मागच्या काठाचं अंतर सारखं आलं की चाक सरळ. त्यानं हळदीचे बेड, म्हणजे लांब वाफे, पाडायची दोरी खुंट्यांसकट काढली. पण ती कशाच्या आधारानं ताणायची? घराची भिंत त्याच्याच गवंडी मेस्त्रीनं बांधलेली, तिचा भरवसा नाही. मग त्याचं कचेरीतलं डोकं चाललं. बोळात सरळ अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे हद्दीचे दोन दगड. एक रस्त्याच्या तोंडाला, एक मागं कडुनिंबाखाली. निजामाच्या काळापासून जागचे न हललेले!

या दगडापासून त्या दगडापर्यंत त्यानं दोरी ताणली. दोरीच्या एका अंगाला गाडी, दुसऱ्या अंगाला त्याची नवी न्हाणी. ही न्हाणी त्यानं गेल्या साली बांधलेली. इतकी ऐसपैस की वॉशिंग मशीनही आत बसली. न्हाणीनं त्याच्या वाटणीचा बोळ अडवल्यापासून गाडी शेषरावच्या अंगाला उभी राहायची. न्हाणीचा कोपरा नेमका मागच्या चाकापुढं येत होता आणि दोरी त्याला जराशी घासत होती. घासली तर घासली! धम्मानंदनं ती आणखी ताणली. टिचकी मारली तर वाजायला लागली. दोरी ताठ म्हणजे दोरी सरळ, खुर्चीत बसून माणसाला भूमिती एवढीच येते. गाडी मागं-पुढं करताना दोरी काढावी लागणार, म्हणून त्यानं तिच्याखाली पांढऱ्या फक्कीची रेघ मारली आणि पट्टी घेऊन गुडघ्यावर बसला.

आता तुम्हीच डोळ्यापुढं आणा. हद्दीच्या दगडांना दोरी, जमिनीवर फक्की, हातात पट्टी आणि मोजणीच्या कचेरीतला माणूस गुडघ्यावर! आपल्याकडं मयताला माणसं उशिरा येतात, पण दोरी ताणलेली दिसली की गाव चप्पल न घालता पळत येतं. ही आपली लायकी आहे, आणि ती लिहायला मला कुणाची भीती नाही.

जनकाबाई भांड्याचं पाणी फेकायला बाहेर आली. तिनं दोरी पाहिली, फक्की पाहिली आणि पाणी न फेकताच घरात वळली. एका शब्दानं विचारायचं होतं! पण विचारलं तर भांडणाला चव काय राहते? शेषराव तेव्हा आरशापुढं बसून उद्यासाठी मिशीला कलप लावत होता. अर्धी मिशी काळी झाली होती. बायकोचं ऐकून तो तसाच बाहेर आला. डावीकडून पन्नाशीचा, उजवीकडून सत्तरीचा!

"धम्म्या," तो म्हणाला, "लेकीचा साखरपुडा उद्या, अन तू आज हद्द मोजून राहिला?"

गाडीखालून धम्मानंदचे नुसते पाय दिसत होते. पायांनी उत्तर दिलं, "चाकं सरळ करून राहिलो भाऊ."

"चाकाला फक्की लागते व्हय? ते बी माझ्या दारापर्यंत?"

धम्मानंद बाहेर येऊन खरं ते सांगू लागला, पण खरं इतकं खोटं वाटत होतं की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. तोवर बोळाच्या तोंडाला गर्दी जमली होती. कुणी कागदपत्रांची पिशवी घेऊन आलं होतं. दोरी ताणलीच आहेस तर आमचंबी मोजून टाक, असं एकानं वरून सांगितलं. चार घरं सोडून राहणाऱ्या देवलानं तर कमालच केली. त्याचा ओटा रस्त्यात पुढं आलेला. सरकार पाडणार, त्यापेक्षा आपणच पाडलेला बरा म्हणून त्यानं पहार काढली आणि कुणी थांबवायच्या आत पायऱ्या उखडून टाकल्या! मोजणी-बिजणी काही नाही, हे कळल्यावर तो धम्मानंदच्या ओट्यावर येऊन बसला. माझा ओटा बांधून देईपर्यंत मी इथून उठत न्हाई म्हणाला.

शेषरावनं मात्र निकाल देऊन टाकला. तो उद्या येणार नव्हता. राणीचं एवढ्या दिवसांचं हळद निवडणं फक्कीत मिळालं!

तेव्हा ऐश्वर्या बाहेर आली. उद्याची मेंदी हाताला लावलेली, म्हणून दोन्ही पंजे हवेत धरलेले. ती चुलत्यासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मोठे बाबा, तुमी न्हाई आलात तर मी पाटावर बसणार न्हाई."

शेषरावची काळी मिशी थरथरली, मग पांढरीही थरथरली. पोरगी त्याच्या खांद्यावर वाढलेली. पण एवढ्या लोकांसमोर दिलेला निकाल मागं कसा घ्यायचा? पुरुषाच्या जातीला रडायला जागा मिळत नाही म्हणून तो भांडत राहतो. शेषरावनंही तेच केलं.

"मोजूनच राहिला तर पुरी मोज," असं म्हणून तो रस्त्याकडच्या दगडापाशी गेला, मांडी घालून बसला आणि हळदीचा बेड बघावा तसा एक डोळा मिटून दोरीवरून पाहू लागला.

पाहिलं. डोळा बदलला. पुन्हा पाहिलं. मग त्यानं जनकाबाईला बोलावलं. जनकाबाईनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मग देवला आपलं धरणं सोडून आला. जत्रेतल्या डब्याला डोळा लावावा तशी माणसं रांग लावून एकेक डोळा मिटून पाहू लागली. शेवटी धम्मानंदचा नंबर आला.

दोरी रस्त्याच्या दगडापासून न्हाणीपर्यंत नीट जात होती, न्हाणीच्या कोपऱ्यावर वाकत होती आणि तिथून कडुनिंबाकडं दुसरीच वाट धरत होती.

"दोरी तुझी, फक्की तुझी, मोजणारा तूच," शेषराव शांतपणे म्हणाला. "तुझी न्हाणी माझ्या हद्दीत हाय."

आता डोकी फुटणार म्हणून लोक मागं सरकले! पण शेषरावच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं की अर्ध्या मिशीचं हसूही शोभून दिसत होतं. इतके दिवस तो पुरावा नसताना भांडत होता. आज पुरावा आयता दारात आला होता, तोही कचेरीच्या हातून! माणसाला जमीन नको असते हो. तू बराबर होतास, एवढं कुणीतरी म्हणायला हवं असतं.

"न्हाणीचं मागून बघू," तो उठत म्हणाला. "उद्या किती वाजता निघायचं?"

धम्मानंदला एवढा आनंद झाला की उरलेले बोल्ट त्यानं दणादण आवळून टाकले. आणि शहाण्या वाचकाच्या ध्यानात एव्हाना जे आलं असेल, ते त्याच्या ध्यानात आलं नाही. ज्या वाकड्या दोरीनं न्हाणी पकडली, त्याच दोरीवर त्यानं मागची चाकं लावली होती!

रविवारी गाडी निघाली. गाडी डुलत नव्हती, हे मान्य करायलाच पाहिजे. नवे आर्म पक्के होते. गाडी अगदी ठामपणे, एकनिष्ठेनं, तिरपी चालत होती! तोंड कळमनुरीकडं आणि शेपूट शेतात. सरळ जायचं तर स्टिअरिंग वाकडं धरावं लागे, सरळ धरलं तर गाडी नाल्याला भेटायला निघे. समोरून येणारे ट्रॅक्टरवाले ही बया नेमकी कुठं वळतेय ते न कळून आधीच रस्त्याखाली उतरून उभे राहात होते. धम्मानंदला घामाच्या धारा लागल्या. शेजारी शेषराव, दोन्हीकडून काळीभोर मिशी, शांत बसला होता. त्याची कंबर खुशीत होती.

सोयऱ्याच्या मांडवात गाडी खेकड्यासारखी शिरली आणि कमानीच्या खांबाला बूड घासून थांबली. जयभीम झाला. नवरदेवाचे वडील गाडीभोवती फिरून आले. गाडीला काही तकलीफ आहे का, असं त्यांनी अदबीनं विचारलं. धम्मानंद वाकून खांबाला लागलेला गाडीचा रंग पुसू लागला. मोजणीतला माणूस म्हणून सोयऱ्याकडं केवढं नाव झालेलं! ऐश्वर्यानं मेंदीचे हात पदरात लपवले. राणीनं डोळे मिटले.

शेषराव सावकाश उतरला. सदरा नीट केला.

"गाडीला कायी तकलीफ न्हाई," तो सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला. "आमची न्हाणी वाकडी हाय."

आमची! एवढा एकच शब्द राणीनं ऐकला आणि पदरानं डोळे पुसले. बाकी मांडवाला काहीच कळलं नाही. पण मग शेषराव पुढं बसला, त्यानं पोरीचा साखरपुडा थाटात लावला आणि जेवणाच्या पंगतीत न्हाणीची कथा दगडापासून कडुनिंबापर्यंत तिखटमीठ लावून सांगितली. सोयरे हसून हसून आडवे झाले. एवढी मोकळी माणसं आम्हाला हवीच होती, असंही म्हणाले.

परतताना शेषराव मागं जाऊन झोपला. धम्मानंदनं वाकडं स्टिअरिंग घट्ट धरून हळू आवाजात राणीला विचारलं. मेस्त्रीला तर आपण आखणी नीट सांगितली होती, मग न्हाणी तिकडं गेली कशी? मेस्त्रीला परत काही सांगितलं का कुणी?

राणी खिडकीतून बाहेर बघत राहिली. हळदीची शेतं तिरपी मागं जात होती.

"वॉशिंग मशीन बसत नव्हती," ती म्हणाली.