नव्वद टक्के झालेली रेल्वे

देवेश, हातातलं सोनं ठेव तिथे, बस, आणि फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस. आई परत यायच्या आत मला निर्णय घ्यायचाय.

तर कुठलंही मोठं काम मुख्य काम बाजूला ठेवल्याशिवाय होत नाही, हे आता सिद्ध झालंय. (आमच्या हॉलमध्ये.) डायनिंग टेबलावर प्लाय टाकून मी छोटी रेल्वे बांधतेय, हे तुला माहितीये. रूळ चिकटवले, वायरिंग केलं, इंजिन आलं. म्हणजे नव्वद टक्के काम झालं. उरलं काय, तर गाडी चालवणं. पण स्टेशनला पाटीच नाही तर गाडी चालवणार कशी, यार? घाटकोपर आलं हे पॅसेंजरला कळायला नको? (पॅसेंजर अजून बनवायचे होते.) म्हणून पाटी केली. पाटीचा रंग वाळेपर्यंत आरे कॉलनी हाती घेतली. नारळाच्या शेंड्या हिरव्या रंगात बुडवून झाडं केली, एकदम झकास, आणि मग लक्षात आलं की अर्धी झाडं रुळावरच आलीत. ती काढायची की नाही यावर घरात रीतसर सुनावणी झाली. बाबा झाडांच्या बाजूने, मी रेल्वेच्या. दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर आम्ही म्हशी बनवायला घेतल्या.

वेळेआधी पूर्ण झालेला प्रकल्प एकच, कांजूरमार्गचा कचऱ्याचा डोंगर. काही करावंच लागलं नाही. उरलेला थर्माकोल, वाळलेला गोंद, बिघडलेल्या म्हशी आम्ही त्या कोपऱ्यात टाकत गेलो आणि तो वाढत गेला. इतकं हुबेहूब दुसरं काहीच जमलं नाही.

या सगळ्या काळात रेल्वे नव्वद टक्क्यांवर स्थिर होती. स्थैर्य ही साधी गोष्ट नाही.

आई मात्र खाली बसून जेवून कंटाळली. म्हणाली, "अक्षता, दसऱ्याला तुझ्या गाडीने एक अख्खी चक्कर मारली पाहिजे. नाहीतर टेबल माझं आणि रेल्वे माळ्यावर." आमच्या माळ्यावर गेलेली वस्तू परत आल्याची नोंद नाही. (बाबांची बाजाची पेटी. बाबांचे रोलर स्केट्स.)

मी लगेच कामाला लागले आणि रुळाशेजारी आपली बिल्डिंग बांधली.

तिथेच वाट लागली. सेक्रेटरी श्यामकांत काका बघायला आले, वाकून स्वतःची खिडकी शोधली आणि म्हणाले, "आमची ग्रिल बाहेर आहे ना गं, ती कुठाय?" लावली. मग तळमजल्यावरच्या, मागच्या बाजूच्या जयंती काकू आल्या. त्यांना खरं तर ग्रिलच नाही. त्या म्हणाल्या, "इथे तरी लाव, इथे कोण नोटीस देतंय?" आठवड्याभरात सगळ्या खिडक्या बाहेर आल्या, कुणाची वॉशिंग मशीन मावेल एवढी, कुणाची सासूबाई मावतील एवढी. एकूण बांधकाम मूळ पुठ्ठ्याच्या दीडपट. (सगळ्यांच्या संमतीने.)

शेवटी आई आली. ग्रिलसाठी ती किती वर्षं अर्ज देतेय, आणि काका 'पुढच्या मीटिंगला बघू' म्हणतायत. हळूच म्हणाली, "आपली पण काढ ना जराशी. तुळस मावेल एवढी." काढली. तिने हिरव्या लोकरीची तुळस केली, मण्यात खोचली, आणि रोज पूजा झाली की पळीने तिला एक थेंब पाणी घालायला लागली. (तेवढा प्लाय फुगलाय.)

आज सकाळी इंजिनाची पूजा झाली. हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. अख्खी बिल्डिंग हॉलमध्ये, फक्त तू शेजारी तुमच्या घरी झोपलेला. मी बटण दाबलं आणि देवेश, चालली रे ती. खरंच चालली. घाटकोपर सोडलं, कांजूरच्या डोंगराला वळसा मारला, आरेत झाडांनी थोडी ओरबाडली, एक म्हैस पडली, पण गाडी थांबली नाही. लोक टाळ्या वाजवतायत, बाबांनी चष्मा काढलाय, आणि आपल्या बिल्डिंगपाशी येऊन, टक. पहिल्या मजल्यावरच्या आईच्या ग्रिलमध्ये इंजिन अडकलं. तुळस टपावर आडवी.

श्यामकांत काका म्हणाले, "ही ग्रिल अनधिकृत आहे."

"आणि तुमची?" आई म्हणाली.

"चौथ्या मजल्यावरून गाडी जात नाही, वहिनी."

रूळ हलत नाहीत, चिकटवलेत. बिल्डिंग हलत नाही, प्लायसकट फुगून बसलीय. मी कटर उचलला. आई म्हणाली, "ग्रिलला हात लावून बघ फक्त."

"मग चक्कर?"

"चक्कर अख्खीच पाहिजे," असं म्हणून तिने आपट्याची पानं घेतली आणि बिल्डिंगमध्ये सोनं वाटायला गेली. वरून सुरुवात केलीय. आता दुसऱ्या मजल्यापर्यंत आली असेल.

ग्रिल कापली तर आईची तुळस गेली, नाही कापली तर रेल्वे माळ्यावर. हसू नकोस. आईच्या ग्रिलला लागून, त्याच मजल्यावर, पुढची खिडकी कुणाची आहे बघ. 'अजून थोडी बाहेर घे, व्यायामाची सायकल मावली पाहिजे' असं कोण म्हणालं होतं? त्या ग्रिलचा तर कोपरा थेट रुळावर आलाय. हा घे कटर. आता सांग, माझ्या जागी तू काय केलं असतंस?