रशीदमामूंचा करपा

सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेल्या केळीचं पान भर पूजेत उठून कापणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. गारखेड्यातले आमचे शेजारी रशीदमामू. प्रसादाला आले, खिशातून चाकू काढला, ठिपक्यांचं पान कापलं आणि अंगणात नेऊन जाळलं. भटजी पोथी धरून बघत राहिले. मामू शांतपणे म्हणाले, "करपा हाय. दाग दिसला की काट."

जन्मभर बस चालवून रिटायर झालेला माणूस. मुलगी हैदराबादला, घरात एकटेच. आता करप्याचं वेड.

देवगाव रंगारीला माझी थोडी केळी आहे. एका साली त्या बागेत करपा शिरला. घड नुकते बाहेर पडलेले, आणि पानं कडेनं वाळायला लागली. पानंच गेली तर घड भरणार कशाच्या जिवावर? हे मी मामूंजवळ बोललो आणि माझे रविवार गेले.

दर रविवारी दिवस उगवायच्या आत मामू माझ्या फटफटीजवळ उभे. शेतात कापलेलं पान बुडाशी टाकलं की तापायचे. "रोग अंथरून ठेवतो का रे? बांधाबाहेर ने, जाळ." फवारणीला पंप माझ्या पाठीवर आणि हुकूम त्यांचे. "नीचे से मार. नुसतं वरून नक्को." एकदा तर जोशात त्यांनी दोन ओळी बोडक्या करून टाकल्या. मग मात्र माझं डोकं फिरलं. लई बोललो.

"हौ, जरा जास्ती झालं," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी पुन्हा हजर, आणि शिंप्यासारखे पानाचा फक्त रोगट तुकडा बेतून कापत बसले. वैताग नुसता.

पण घड भरले. कटाईला आलेला व्यापारी खूश झाला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. "मामू, जिंकलो आपण. आता रविवारी झोपा निवांत."

मामू उठून बागेत गेले. थोड्या वेळानं हाक आली. "अशोक, इकडं ये. खोडव्याला दाग हाय."

पुढच्या पिकासाठी बुडाशी ठेवलेल्या पिलाच्या पानावर काळा ठिपका होता. मी बोट लावलं. ओला चिखल. मामूंच्या अंगठ्यालाही तोच चिखल. ते माझ्याकडं बघेनात.

मला भरून आलं, आणि स्वतःचा रागही आला, आधीच का नाही कळलं म्हणून.

"व्हय मामू," मी म्हणालो, "करपाच दिसतोय. रविवारी यावं लागंल."

"लवकर निघू," मामू अंगठा लुंगीला पुसत म्हणाले. "तू लई उशीर करतो."