कलम चार आणि नलूचं दूध

छप्पन सालच्या जानेवारीत गिरगावातल्या आमच्या चाळीत बावीस बिऱ्हाडं होती, तीन मजले होते, गच्चीवर पाण्याची टाकी होती आणि आणीबाणीची पूर्ण तयारी होती. ही तयारी मीच केली होती. नोव्हेंबरच्या हरताळात दोन दिवस दूध आलं नाही, तेव्हा माझी नलू नऊ महिन्यांची होती. त्या दोन दिवसांत ती जेवढी रडली, त्याहून मी जास्त रडले. तिसऱ्या दिवशी डोळे पुसून मी 'आपत्कालीन सेवा समिती' काढायला निघाले. त्या दिवसांत शहरात दोन माणसं एका बाकावर बसली तरी समिती होत असे. आमच्याकडे तर बावीस बिऱ्हाडं होती.

अध्यक्ष झाले कमलाकांत तळपदे. ते तीस वर्षं कचेरीत हेडक्लार्क होते आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्या सहीला काम नव्हतं. मी बी.ए., म्हणून चिटणीस. प्रत्येक बिऱ्हाडाने एक उपयोगी वस्तू समितीच्या साठ्यात द्यायची ठरलं. कोणी मेणबत्त्या दिल्या, कोणी चणे-गूळ दिला, शेजारच्या सुभद्राने कुळीथ दिले. तिसऱ्या मजल्यावरच्या ब्रह्मचारी मंडळींनी टॉर्च दिला. त्यात सेल नव्हते. प्रसंग आला की देऊ, म्हणाले. चिटणीसाने आदर्श घालून द्यायचा असतो, म्हणून मी नलूसाठी आणलेला दुधाच्या पावडरीचा डबा दिला.

"अगं, हा तरी घरी ठेव," आमचे हे, अच्युत, म्हणाले. डबा त्यांनीच खटपट करून मिळवला होता.

"घरी ठेवला की तुमची बहीण येते आणि चहा मागते. तिथे कुलपात तरी राहील."

साठा जिन्याखालच्या कोठडीत गेला आणि किल्ली कमलाकांतरावांच्या जानव्याला.

पहिल्याच रंगीत तालमीत चणे-गूळ संपले. त्यामुळे समितीला घटना हवी, असं ठरलं. ती अर्थात मी लिहिली. कलम चार असं होतं: 'दूध, पाणी व वीज या तीन मूलभूत सेवांपैकी किमान दोन एकाच वेळी बंद असल्याखेरीज आणीबाणी मानली जाणार नाही व कोठडी उघडली जाणार नाही.' पाहुणा आला की आणीबाणी समजणारी निदान सहा घरं आमच्याकडे होती. माझ्या डब्याचं त्यांच्यापासून रक्षण करायचं होतं. टपालही मूलभूत धरा, अशी सूचना आली होती, ती मी फेटाळली. सासूबाईंची पत्रं टपालाने येत.

मग खरोखरच संचारबंदी लागली. बाहेर काय चाललं होतं ते सांगायची ही जागा नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. आत एवढंच झालं, की सलग दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. घरात नलूपुरतं अर्धा कप होतं, ते सकाळी सातला संपलं. पेज तिने दोनदा माझ्या पदरावर परत केली. नऊ वाजता ती रडून दमली आणि नुसती कण्हायला लागली. मी उठले आणि कमलाकांतरावांच्या दारात गेले.

"काका, कोठडी उघडा. डबा हवाय."

"कोणत्या सेवा बंद आहेत, चिटणीसबाई?"

"दूध."

"बरं. पाणी?"

"आहे."

"वीज?"

"तुमच्या डोक्यावर दिवा जळतोय, काका!"

"तो मी तपासणीसाठीच लावलाय," ते म्हणाले. "म्हणजे एकच सेवा बंद. ही आणीबाणी नव्हे. ही गैरसोय झाली."

"टपाल आलेलं नाही."

"टपाल तुम्हीच वगळलंत. इतिवृत्तात आहे."

"अहो काका, पोर उपाशी आहे!"

त्यांचे डोळे पाणावले. माणूस वाईट नव्हता. चष्मा पुसत ते म्हणाले, "पोरीकडे बघवत नाही हो. पण कलम पाहा ना किती सुरेख उतरलंय. तीस वर्षांत असा मसुदा पाहिला नाही. पळवाटच ठेवली नाहीत तुम्ही!"

ही स्तुती ऐकून मी एक क्षण सुखावले, हे कबूल करते. मग परत आले आणि यांना म्हटलं, "चला, गच्चीवर."

टाकीच्या खाली मोठी चावी असते. ती मी दोन्ही हातांनी फिरवली. हे जिन्याच्या तोंडाशी उभे राहून घाम पुसत होते.

"उर्मिला, अगं, हे बेकायदा आहे."

"मुळीच नाही. दोन सेवा बंद हव्यात, एवढंच घटनेत आहे. का बंद, ते विचारलेलंच नाही."

"आणि कोणी बघितलं तर?"

"तर म्हणा, समितीची पाहणी चालू आहे."

दहा मिनिटांत तिन्ही मजल्यांवरचे नळ खोकले आणि बंद पडले. कोणाच्या डोक्याला साबण होता, कोणाचं धुणं बादलीत होतं. चाळभर आरडाओरडा झाला. कमलाकांतरावांनी प्रत्येक मजल्यावरचा एकेक नळ स्वतः पिळून पाहिला आणि साडेदहाला, आवाजात कंप आणून, आणीबाणी जाहीर केली. कोठडी उघडली. मी हात पुढे केला.

"कलम सात," ते म्हणाले.

कलम सातही माझंच. 'आणीबाणीत सर्व साठा सर्व बिऱ्हाडांत समान वाटला जाईल.' हे लिहिताना मला मेणबत्त्या हव्या होत्या. डब्याचे बावीस भाग झाले. नलूच्या वाट्याला कागदाच्या पुडीत दीड चमचा पावडर आली, शिवाय पाव मेणबत्ती आणि मोजून अकरा कुळीथ. ब्रह्मचारी मंडळींनी त्यांच्या पुडीचा तिथल्या तिथे चहा टाकला.

मग मात्र मी घटना गुंडाळली आणि नलूला कडेवर घेऊन दारोदार फिरले. पहिलं दार सुभद्राचं.

"अगो, चेडवासाठी व्हया होता तर सरळ माझ्याकडे येवचा नाय?" ती म्हणाली आणि पुडी माझ्या ओटीत टाकली. "ह्यां कलम नि फिलम कित्याक?"

बावीसपैकी एकोणीस पुड्या अर्ध्या तासात परत आल्या. कोणी कलम विचारलं नाही. नलू वाटीभर दूध पिऊन झोपली. मी चावी उघडायला गच्चीवर निघाले, तोच कमलाकांतराव जिन्यात भेटले.

"चिटणीसबाई, लक्षात आहे ना? दोन्हीपैकी एक सेवा सुरू झाली की आणीबाणी संपते. मग उरलेला साठा ताबडतोब कोठडीत जमा. कलम नऊ."

मी तशीच मागे फिरले.

आज पाणी बंद होऊन चौथा दिवस. दूध अजून येत नाही, नलूचं बरं चाललं आहे आणि चावी बंदच आहे. कोणी तहानलेलं नाही. खालच्या चौकातला नळ पहाटे तासभर येतो, तिथून लोक कळश्या वर चढवतात. सुभद्राही चढवते. काल तिच्या कमरेत उसण भरली, तर मी तिला शेक दिला. सरकारातल्या वरच्या लोकांनी आमचं पाणी मुद्दाम तोडलं, याबद्दल चाळीत आता कोणालाच शंका उरलेली नाही. संचारबंदी उठली की संबंधित अधिकाऱ्यांवर मोर्चा न्यायचा, असं एकमताने ठरलं आहे. निवेदनाचा मसुदा माझ्याकडे आहे. तो वाचून कमलाकांतराव पुन्हा चष्मा पुसत होते.

सह्या गोळा करणं चालू आहे. शेजारच्या चाळींनीही पाठिंबा दिला आहे, कारण त्यांच्याकडेही परवापासून पाणी नाही. तिथे गच्चीवर जाऊन अजून कोणी पाहिलेलं नाही. तुमच्याकडे येत नसेल, तर तुम्हीही सही करा. गच्चीवर जाऊ नका. आधी आपल्या बिऱ्हाडात कोणतं पोर दूध पिऊन फार शांत झोपलं आहे, ते बघा.