पहिलं ‘नको’

आत्या “चहा नको” म्हणाल्या आणि अपूर्वनं ते खरं मानलं, इथंच सगळं बिघडलं.

सहा वर्षांनी डॅलसहून गुडीहत्नूरला आलेला हा पोरगा. घरात बहिणीच्या, अदितीच्या साखरपुड्याची धांदल. आई आणि अदिती खरेदीला आदिलाबादला गेलेल्या, आणि नेमक्या तेव्हाच कौशल्याआत्या भर उन्हात इचोड्याहून बसनं आल्या.

“चहा ठेवू, आत्या?”

“नको रे बाप्पा, आताच घेतला.”

तिकडे अमेरिकेत माणूस नको म्हणाला की विषय संपतो. पुन्हा विचारणं म्हणजे आगाऊपणा. “बरं,” म्हणून अपूर्व समोर बसला.

“जेवता?”

“भूक नाई.”

“बरं.”

आत्या कोरड्या घशानं घटकाभर पंख्याकडे बघत बसल्या आणि उठल्या. अपूर्वनं त्यांना मोठ्या प्रेमानं मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडलं. तेही त्यांना हाकलून दिल्यासारखंच वाटलं.

संध्याकाळी आत्यांचा फोन आला. “पोरगा परका झाला. मी काई साखरपुड्याले येत नाई.”

आईनं कपाळावर हात मारला. अदितीची ओटी आत्याच भरणार होत्या ना! “अरे, पहिलं नको तं म्हनाचंच असते! तीनदा विचारा लागते!”

“मंग पहिल्यांदाच हो काऊन नाई म्हनत?”

“हावरट दिसाचं का?”

तो ‘परका’ शब्द अपूर्वच्या फार जिव्हारी लागला. सकाळी उपाशीपोटीच त्यानं इचोडा गाठलं.

“चहा घेतं का?” आत्यांनी विचारलं.

आईची शिकवण ताजी होती. “नको, आत्या.”

“बरं,” म्हणून आत्या मेथी निवडायला बसल्या.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. शेवटी पोरगा रडकुंडीला आला. “आत्या, मले पाह्यजे होता व चहा!”

आत्या पोट धरून हसल्या. मग चहा झाला, पिठलं-भाकरी झाली, आणि साखरपुड्यात सगळ्यांच्या पुढे त्याच मिरवल्या.

परतीच्या दिवशी हैदराबादची गाडी दारात उभी. बॅग भरता भरता आईनं मान वर न करताच विचारलं, “आठ दिवस अजून राह्यतं का?”

रजा वाढवून द्यायला ऑफिस कालच तयार झालं होतं. तरी अपूर्वच्या तोंडून निघालं, “नको, आई.”

“बरं,” आई म्हणाली. लेकासाठी तिकडची रीत तीही शिकली होती. तिनं बॅगेची चेन ओढली.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अपूर्व हलेना.

“आई,” तो म्हणाला, “अजून दोनदा विचाराचं राह्यलं ना.”