आधीचा चेहरा, नंतरचा चेहरा

माझ्या मुलीच्या गालांची आग होत असल्याची बाब मी ऑफिसला निघत असताना माझ्या निदर्शनास आणण्यात आली.

इथे माझा हुद्दा सांगणं भाग आहे. मी प्रसाधन सुरक्षा कार्यालयात शिक्का अधिकारी आहे. डबीवर 'सुरक्षित' असा हिरवा शिक्का दिसतो ना, तो मारणारा हात माझाच. मुलगी गालांना लावत होती ते क्रीमही मीच आणलं होतं. घरात पंधरा वर्षांची मुलगी. बिनशिक्क्याची वस्तू तिच्या गालाला लागली तर चारचौघांत माझी शोभा व्हायची.

"बाबा, जळतंय हो," ती रडकुंडीला आली होती. "यात नुसता वासच भरलाय. मला ते साधं, बिनवासाचं आणून द्या ना."

"त्यावर शिक्का आहे?"

"नाही. पण आत काय काय घातलंय ते सगळं छापलंय."

"छापायला काय जातंय!"

"आणि शिक्का मारायला हो?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला कार्यालयीन कामकाजातलं काही कळत नाही.

शेवटी मुलगी तक्रार घेऊन माझ्यासोबत ऑफिसातच आली. "तुम्ही तपासता तरी काय?" तिने साहेबांना विचारलं. साहेबांनी शांतपणे एक डबी टेबलावरून खाली टाकली. फुटली नाही, सांडली नाही. "सुरक्षित," साहेब म्हणाले. "चेहरा आमच्या अखत्यारीत येत नाही. बरं, क्रीमला प्रमाणपत्र आहे. तुझ्या चेहऱ्याला आहे?"

नव्हतं. तेव्हा दोष कुणात ते उघडच झालं. क्रीमच्या कंपनीचा माणूस तिथेच चहा पीत बसला होता. "जळतंय म्हणजे लागू पडतंय, ताई," असं म्हणत त्याने तिला आणखी एक डबी फुकट दिली. तक्रारीला जोडण्यासाठी तिच्या लालबुंद गालांचा फोटो काढण्यात आला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" बायको घरी कडाडली. मुलीने दोन्ही डब्या कचऱ्यात भिरकावल्या आणि आईसोबत जाऊन ते बिनवासाचं घेऊन आली. मी निषेध नोंदवला. गाल मात्र बेशिस्तपणे बरे झाले.

तक्रार निकाली काढायला साहेबांनी पुन्हा फोटो मागवला. पोरगी किती खूश झाली! केस विंचरून ऐटीत उभी राहिली. "आता बंद करतील ना हो ते क्रीम?"

"योग्य ती कार्यवाही होईल," मी म्हणालो.

झाली. नवीन डबीवर दोन फोटो आले: 'आधी' आणि 'नंतर'. दोन्ही खरे. खाली माझा शिक्का.

"बाबा, मधे मी ते फेकून दिलं होतं. ते कुठे लिहिलंय?"

"डबीवर जागा नव्हती गं."

"वर्गातल्या सगळ्याजणींनी घेतलंय ते. माझं तोंड बघून! मी नको नको म्हणतेय, तर म्हणतात, स्वतः गोरीगोमटी झालीस आणि आम्हाला अडवतेस होय?" ती ढसाढसा रडली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण खप इतका वाढला होता की शिक्के मारून माझा हात दुखत होता.

तुम्हीही हे क्रीम मुलीसाठी नेलंत ना परवा? उत्तम केलंत. मुलगी जळतंय म्हणाली तर लक्ष देऊ नका. फक्त तिचा एक फोटो काढून ठेवा. पुढच्या डबीला आम्हाला नवीन चेहरा हवाच आहे.